गोधडीतली भाकर

काल उन्हात टाकलेल्या गोधडीचा उबट वास आला आणि मी बी.ए. झालो त्या हिवाळ्यातला आमच्या ओसरीवरचा ढीग आठवला. समुद्रापलीकडच्या एका देशात भूकंप झाला होता, माणसं बर्फात उघड्यावर होती, म्हणून गावातल्या बायांनी गोधड्या आणून दिल्या होत्या. त्या कुठे द्यायच्या हे मी ठरवायचं होतं, कारण गावात कॉलेज शिकलेला मी एकटाच. नांदुऱ्याचा एक व्यापारी म्हणाला, गोधड्या इथेच विकू आणि पैसे पाठवू. पांघरूण हवं असताना पैसे, हे मला पटेना. स्टेशनवरच्या मदतकेंद्रातला माल थेट बोटीवर जात होता, पण तिथल्या बाईंनी बजावलं, "आत खाण्याचं काही असेल तर उंदीर लागतात. तसल्या गोधड्या घेणार नाही." आमच्याकडे तर गोधडी उपाशी राहू नये म्हणून शिवतानाच कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालतात. घरी येऊन मी ओसरीवर जमलेल्या बायांना चाचरत हे सांगितलं. "उपाशी गोधडी कोनाले देतेत का, बापू?" एकजण म्हणाली. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात माझ्या आईनं आपल्या गोधडीचा कोपरा दातानं उसवला. "तिकडे मानसं काकडून राह्यली. गोधडी राह्यली उपाशी, तं राहू दे." शेजारची काकू हसली, "दात पाडशीन, व माय! थांब, कातर आनतो." मग एकेकीनं आपापल्या गोधडीचा कोपरा उसवून तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी सगळा ढीग रेल्वेच्या डब्यात चढला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पुढे नोकरीत पुष्कळ निर्णय घ्यावे लागले, पण ज्याचं ओझं इतक्या जणींनी मिळून उतरवलं, असा तो एकच.