कलचा ब्रेड

लालबर्र्याहून बालाघाटला येणारी माझी बस पकडायची, तर घरात तवा तापायच्या आधी निघावं लागतं. त्यामुळे डबा हा पर्याय नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात बाद झाला. दुपारचं जेवण बाहेर शोधणं आलं, आणि शोध म्हटला की माझा स्वभाव आड येतो. मी जीवरसायनशास्त्र शिकले आहे. उघड्यावर ठेवलेल्या अन्नात कोणत्या तासाला काय वाढत असेल, याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो आणि बंद करता येत नाही.

आमची प्रयोगशाळा खासगी आहे. राइस मिलचे तांदळाचे नमुने येतात. त्यातला ओलावा, तुकडा, रंग बदललेले दाणे आम्ही तपासतो. ती ज्या गल्लीत आहे तिच्या एका टोकाला कोर्ट, दुसऱ्या टोकाला कलेक्टर कचेरी आणि मधे धान्य दलालांची ऑफिसं. दुपारी सगळा जिल्हा तिथे उतरल्यासारखा वाटतो: वकील, त्यांचे पक्षकार, स्टॅम्पवाले, झेरॉक्सवाले, तारखेला आलेली गावोगावची माणसं. या गर्दीसाठी समोसे आहेत, पोहे आहेत, मूगडाळीचे तळलेले मंगोडे आहेत. पण तळणीनंतर माझे डोळे जड होतात, आणि भिंगाखाली दाणे मोजणाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय समोशाच्या आत काय आहे हे तो खाल्ल्यावरच कळतं. सँडविच उघडून पाहता येतं. माझ्या निवडीचं खरं कारण हेच होतं.

पहिला गाडा मी मेयोनीजच्या बाटलीवरून नाकारला. ती उन्हात उभी होती आणि तिच्या झाकणाभोवती पिवळी कड धरली होती. दुसऱ्याचं लोणी तव्यावर वितळताना लोण्यासारखं वागत नव्हतं. तिसऱ्याकडे काकडी सकाळीच चिरून ठेवलेली असे, आणि ज्या फडक्याने तो सुरी पुसायचा त्यानेच गाडाही पुसायचा. कोर्टाच्या भिंतीलगत, कडुलिंबाखाली उभा असलेला चौथा गाडा मला बरेच दिवस दिसूनही दिसला नव्हता, कारण तिथे गर्दी नसे. गर्दी नसलेल्या गाड्यावर माल खपत नाही, न खपलेला माल शिळा होतो, असं माझं अनुमान होतं.

तो गाडा एक मावशी चालवत. माझ्या आईच्याच वयाच्या. कांदा, टोमॅटो समोर चिरत. बटाट्यात जवसाची चटणी घालत. सुरी उकळत्या पाण्याच्या डब्यात बुडवून काढत. पहिलं सँडविच मी उघडलं, हुंगलं, मग खाल्लं. दोष सापडला नाही. मला ते फारसं आवडलं नाही; सँडविच आवडलं, दोष न सापडणं आवडलं नाही.

"उघडून काहून पायता ताई रोज?" त्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलं. "आतमंदी काही पळून नाही जाऊन राह्यलं."

गाड्याच्या आतल्या बाजूला बुद्धाचं छोटं स्टिकर होतं. तसंच आमच्या घरी फ्रिजवर आहे. गर्दी का नसते, याचं दुसरंही एक उत्तर असू शकतं, हे माझ्या लक्षात आलं. पण पुराव्याशिवाय मी ते बाजूला ठेवलं.

धान खरेदीचा हंगाम आला, तेव्हा आमच्या सरांनी ठरवलं की नमुने घेऊन येणाऱ्या मिलवाल्यांना दुपारी प्रयोगशाळेतच खायला द्यायचं. हंगामभर, रोज. कुणाकडून मागवायचं हे माझ्यावर सोपवलं. प्रयोगशाळेत एक नवा विभाग सुरू होणार होता; त्याची जबाबदारी मला द्यायची की दुसऱ्या कुणाला हेही त्याच सुमारास ठरायचं होतं, म्हणून मी ही निवड सँडविचपेक्षा जास्त गांभीर्याने घेतली. बातमी मात्र माझ्याआधी कोर्टाच्या भिंतीपर्यंत पोहोचली होती.

"ताई, थे ऑर्डर मले भेटली तं समोरची खोली घेतो मी," मावशी म्हणाल्या. "शटरवाली. इथून गाडा हटवा म्हनून नगरपालिकेवाले दोनदा सांगून गेले. नाही भेटली तं मंग गोंदियाले बहिनीकडं जातो. तिथं तिच्या घरची भांडी घासीन, अजून काय."

त्या हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हत्या. मला ते विनवणीसारखं वाटलं नाही; पण दडपणासारखं वाटलं, आणि दडपणाखाली दिलेला निष्कर्ष मी मानत नाही.

आमच्याकडे नमुने उतरवून घेणारे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. दडपण वजा करूनही मी मावशींचंच नाव सुचवलं, आणि त्याच संध्याकाळी ते सरांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"सर, मैं कुछ बोलना नहीं चाहता," असं म्हणून ते बोलू लागले. "पर मैंने अपने कान से सुना है. वो बाई पोरीले सांगून राह्यली होती, कल का ब्रेड निकाल. शिळा ब्रेड भाजून देते लोकांना." मग माझ्याकडे वळून, हसून, "मॅडमच्या ओळखीची आहे का ती? म्हणजे, तुमच्याकडचीच असंन ना."

आमची आडनावं वेगळी आहेत, पण दोन्ही कुठून येतात हे बालाघाटात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाऊंच्या प्रश्नाने दोन कामं एकदम केली. ब्रेडवर संशय आणला, आणि तो खोटा ठरवणाऱ्या माणसावरही. मी मावशींच्या बाजूने बोलले असते, तर ते आमचं आपसातलं ठरलं असतं. भाऊंच्या साडूचं हॉटेल त्याच गल्लीत आहे हे मला माहीत होतं. तरी त्यांचं म्हणणं त्यामुळे आपोआप खोटं होत नव्हतं. आणि स्टिकर पाहून मी नरम झाले नव्हते ना, हे मला स्वतःलाही विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीच्या वळणावर, स्टॅम्पवाल्याच्या छत्रीखाली उभी राहिले. मावशींची मुलगी कॉलेजवरून येऊन त्यांना मदत करते. मावशींनी तिला सांगितलेलं मी स्पष्ट ऐकलं: "खालचा क्रेट रिकामा कर, कलचा ब्रेड ठेवाचा हाये."

मी सरळ गाड्यासमोर गेले.

"मावशी, कलचा म्हणजे कोणता?"

"कलचा म्हंजे उद्याचा."

"कल म्हणजे काल नाही?"

"कालचा बी कलच, उद्याचा बी कलच. हिंदीत दोन शब्द कुठं हायेत?" मुलगी मधेच म्हणाली आणि टोमॅटो चिरत राहिली.

हे उत्तर बिनतोड होतं, आणि नेमकं म्हणूनच मला पटेना. पकडला गेलेला माणूसही हेच उत्तर देईल. या भागात आम्ही सगळे मराठी वाक्यात हिंदी शब्द बसवून बोलतो, आणि काल-उद्याची मराठीतली स्वच्छ वाटणी त्या एका शब्दात बुडून जाते. शब्दाने काहीच सिद्ध होत नव्हतं. क्रेट पाहणं भाग होतं.

मी ती दुपार तिथेच काढली. बेकरीची ऑटो भर दुपारी आली, विक्रीचा जोर ओसरताना. ब्रेड अजून कोमट होता, पिशवीच्या आतून वाफ धरलेली. मावशींनी तो खालच्या क्रेटमध्ये ठेवला आणि विक्री वरच्या क्रेटमधून चालू ठेवली. म्हणजे 'कलचा' हा खरोखर उद्याचाच होता. पण मग वरच्या क्रेटमधला ब्रेड कधीचा? आदल्या दुपारचा. उद्यासाठी म्हणून आज घेतलेला ब्रेड उद्या उजाडला की कालचाच होतो. मावशी खरं बोलत होत्या, आणि भाऊंचं ऐकणंही चुकीचं नव्हतं. मला हसू आलं, पण प्रश्न सुटला नव्हता.

"दोन्ही क्रेटमधलं एकेक भाजून द्या," मी म्हटलं.

"ताजा चिपकते ताई. मंग मले नावं ठेवसान."

तो चिकटलाच. कोमट ब्रेडचं सँडविच भाजायच्या साच्यातून निघताना फाटलं आणि मधे लगदा राहिला. आदल्या दिवसाच्या ब्रेडचं कडेपर्यंत कुरकुरीत झालं. यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. ताजा भात परतला तर गोळा होतो आणि रात्रीचा मोकळा होतो, ते याच कारणाने: थंड होताना पिठूळ पदार्थातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. तांदळाच्या बाबतीत मी हे रोज मान्य करते, ब्रेडच्या बाबतीत मला ते सुचलं नव्हतं इतकंच. एक दिवस जुना ब्रेड हा इथे दोष नव्हता.

आता हे प्रयोगशाळेत पटवायचं होतं, आणि माझ्या तोंडून ते कुणाला पटणार नव्हतं. आमच्याकडे नमुन्यावरचं मिलचं नाव तपासणीआधी काढतात आणि फक्त अक्षर ठेवतात, म्हणजे तपासणाऱ्याला माल कुणाचा हे कळत नाही. मी तीन जागची सँडविचेस आणली, त्यात भाऊंच्या साडूच्या हॉटेलातलंही होतं. ती सरांकडे देऊन म्हटलं, अक्षरं तुम्ही घाला, मी बाहेर थांबते.

सरांनी सगळ्यांना बोलावलं. चव घेणं सुरू झालं. भाऊ दारातच उभे होते.

"भाऊ, या की," सर म्हणाले.

"नहीं सर, आज उपास है मेरा."

"सकाळी समोसा खाल्ला ना तुम्ही?" टायपिंग करणारी मुलगी सहज म्हणाली.

"उसके बाद धरला," भाऊ म्हणाले.

तीनपैकी एक सँडविच त्यांच्या स्वतःच्या साडूचं होतं, आणि ते कोणतं हे कळायला मार्ग नव्हता. चुकून मावशींचं तोंडात जाईल, एवढ्याच भीतीने त्यांनी तिन्ही सोडली. तक्रार ब्रेडच्या वयाची असती, तर ती चाखून करता आली असती. सरांनी भाऊंकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग समोरच्या ताटलीकडे.

बहुतेकांनी निवडलेलं अक्षर मावशींचं निघालं. सर मला आत बोलावून म्हणाले, "ऑर्डर तिलाच द्या. पण मिलवाल्यांना कुठून आलं हे सांगत बसू नका. डबे साधे असू द्या."

मी हे जसंच्या तसं मावशींना सांगितलं. साचा उलटा करत त्या म्हणाल्या, "मी सांगत नाही फिरनार. पन कोनी इचारलं तं खोटं नोका सांगजा."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी डबे आले. दुपारी पाच-सहा मिलवाले होते. खाताना एकाने विचारलं, "ये कहाँ से मंगाया? अच्छा है."

सर माझ्याकडे पाहत होते. नव्या विभागाचा निर्णय अजून झालेला नव्हता. मी कोर्टाच्या भिंतीजवळचा गाडा सांगितला, आणि तो कोण चालवतं तेही.

विचारणाऱ्याने मान डोलावली आणि खात राहिला. त्याच्या पलीकडच्याने अर्ध्यावरच डबा बंद केला आणि पोट बरं नसल्याचं सांगितलं. तिसऱ्याने तो न खाल्लेला अर्धा भाग, विचारून, स्वतःच्या डब्यात घेतला. संध्याकाळी निघताना सर एवढंच म्हणाले, "उद्याही तिथूनच."

मी भिंतीपाशी गेले तेव्हा मावशी समोरच्या शटरखाली खोलीच्या मालकाशी बोलत उभ्या होत्या. मला पाहून थांबल्या.

"सगळ्याइनं खाल्लं?"

"एकानं नाही."

"एकच?" त्यांनी माझ्याकडे तपासून पाहिलं, मी काही लपवते आहे का हे बघत. "मले तं वाटलं, आर्धे ठेवतीन."

मग त्या मालकाकडे वळल्या आणि म्हणाल्या की शटर आधी दुरुस्त करून द्या, त्याच्याबिगर चाबी घेनार नाही.