अक्कांचं पस्तान

आमच्या समोरच्या अक्का दर वर्षी श्रीशैलच्या पायी यात्रेला निघायच्या आणि आमच्या पोर्चपर्यंत पोचायच्या. आमची गल्ली एवढीशी, की समोरासमोर दोन मोटारसायकली आल्या तर एकीला पाय टेकून थांबावं लागतं. तेवढी गल्ली ओलांडून, कपाळाला विभूतीचे पट्टे ओढून, गाठोडं काखेत मारून त्या आमच्या पायरीवर येऊन बसत आणि जाहीर करत, "निगाले बरं का मी." लगेच तिथूनच समोरच्या आपल्या स्वयंपाकघराकडे आवाज जाई, "महानंदा, दूध वर आलंय, नाकात बोळे घातलेत का?" आणि दूध खरंच वर आलेलं असायचं. घरात असताना त्यांना सुनेचं जेवढं दिसत नसे तेवढं यात्रेला निघाल्यावर दिसायचं.

घाटनांदूरला आमच्याकडे लांबच्या यात्रेला जाणारा माणूस आधी पस्तान ठेवतो. मुहूर्त सोमवारचा निघाला आणि सोबत गुरुवारी मिळणार असली, तर सोमवारी आपलं गाठोडं सुपारी-तांदूळ घालून, जायच्या दिशेला असलेल्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. मुहूर्त साधला, निघाल्यासारखं झालं. मग माणूस आपल्या घरी जेवतो, झोपतो आणि गुरुवारी शेजारून गाठोडं उचलून वाटेला लागतो. परळीला वैजनाथाचं दर्शन घेऊन निघालेली टोळी फाल्गुनात आमच्या गावी मुक्कामाला येते. पुढं उदगीर, बीदर करत, शेवटी नल्लमलाचा डोंगर आणि जंगल चढून ती पाडव्याच्या सुमारास मल्लिकार्जुनाला पोचते. आमचं घर अक्कांच्या दक्षिणेला, म्हणून पस्तान आमच्याकडे. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

पण अक्कांच्या मते गाठोडं निघालं की माणूसही निघाला. "गठुडं तुमच्या घरी आन मी माझ्या घरी, मंग निगालं कोन?" असं त्या विचारायच्या. यात्रा पुरी झाल्याशिवाय त्या आपल्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. टोळी येईपर्यंत त्यांचा मुक्काम आमच्याकडे. एका वर्षी मुहूर्त बराच आधीचा निघाला, तेव्हा आठवडा उलटला तरी त्या आमच्याच हॉलमध्ये, टीव्हीसमोरच्या दिवाणावर.

माझी शाळा अंबाजोगाईची, इंग्रजी माध्यमाची, रोज व्हॅननं जाऊन-येऊन केलेली. गल्लीतल्या कुणाशी माझं फारसं बोलणं नव्हतं. सवयच राहिली नव्हती. नोकरी पुण्याच्या कंपनीत लागली, पण काम घरून. अक्का मुक्कामाला असल्या की माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये माझ्या खांद्यामागे एक विभूती लावलेलं कपाळ असायचं. एकदा पडद्यावरच्या सगळ्या चौकटी नीट निरखून त्या म्हणाल्या, "ही सगळी मान्सं गप कावून बसलीत? कुनी गेलं का?" त्या वेळी फक्त माझाच माइक चालू होता.

मी त्यांना 'अहो अक्का' म्हणायची. त्याचाही त्यांना राग. "मला तुमी-तुमी करू नकोस माय, मी काय तहसीलदार हाय?" पण मला कधी 'तू' म्हणता आलं नाही. आईला मात्र त्या हक्काने बोलत. आमचं वरण म्हणजे त्यांच्या लेखी हात धुतलेलं पाणी. धुऊन पालथे घातलेले आमचे कप त्या पुन्हा विसळून घेत. आई हसायची आणि पुढच्या वेळी डाळ थोडी जास्त टाकायची. मला हे कळायचं नाही. आपल्या घरात आपल्याच आईने पाहुणीसारखं का वागावं?

मी एकदा धीर करून म्हटलं की अक्का, गल्लीतून ओरडण्यापेक्षा वहिनींना फोन करत जा. त्यांना ते पटलं. "खरंच की. मी आता परगावी हाय. परगावावून कुनी हाका मारतं का?" त्या दिवसापासून त्या आमच्या पायरीवर बसून, समोरच्या ओट्यावर बसलेल्या महानंदा वहिनींना फोन करू लागल्या. आणि फोनवर त्या ओरडूनच बोलत. बिचाऱ्या वहिनींना प्रत्येक हुकूम दोनदा ऐकू येऊ लागला, एकदा हवेतून आणि एकदा कानात.

एवढं सगळं करून अक्का जात मात्र नसत. टोळीचे म्होरके एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते सकाळी गल्लीत येऊन, गाडी सुटत असल्यासारखे, "चला अक्का, चला, पुढं जागा आहे," म्हणत उभे राहायचे. एका वर्षी अक्कांची गाय व्यायला झाली होती. एका वर्षी हरभरा खळ्यावर पडला होता आणि मळणीयंत्र मिळत नव्हतं. एकदा लांबच्या कुणा नातेवाइकाचं लग्न निघालं, ज्याच्याशी अक्का कित्येक वर्षं बोलतही नव्हत्या. मास्तर मान हलवून निघून जात.

मग प्रश्न उरायचा घरी परत कसं जायचं हा. यात्रा पुरी झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम त्यांचाच. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. त्या एसटीनं परळीला जात, वैजनाथाचं दर्शन घेत आणि संध्याकाळी प्रसादाची पिशवी घेऊन दिमाखात आपल्या घरात शिरत. मी एकदा म्हटलं, अक्का, हे श्रीशैल नव्हे. त्या म्हणाल्या, "ज्योतिर्लिंगच हाय न्हवं? देवात काय सख्खा-चुलत आस्तंय का?" अर्धा नारळ आमच्या घरी यायचा. मुक्कामाची भरपाई असावी.

ह्या सगळ्याच्या मागे अप्पा होते. अक्कांचे मालक. मी कॉलेजात असताना ते ह्याच टोळीबरोबर गेले होते. त्यांचंही पस्तान आमच्याच घरी होतं. ऐन सुगीत हा माणूस देवाला निघाला म्हणून अक्का रागावलेल्या. आमच्या पोर्चमधून गाठोडं उचलून अप्पा निघाले तेव्हा त्या गोठ्यात धार काढत बसल्या होत्या, बाहेर आल्या नाहीत. डोंगर चढायच्या आदल्या संध्याकाळी, पायथ्याच्या गावात, अप्पा एका झाडाखाली टेकले ते उठलेच नाहीत. उन्हाचे दिवस, दोन राज्यं ओलांडून आणायचं, म्हणून तिथंच माती द्यायचं ठरलं; अक्कांच्यात जाळत नाहीत, पुरतात. मुलगा शिवानंद आणि भावकीतली माणसं जीप करून गेली. बायका कशाला, असं म्हणाली. अक्का घरीच राहिल्या. त्यांनी ती जागा पाहिली नाही.

शिवानंददादा नंतर त्यांना कितीदा म्हणाले की आई, गाडीनं नेतो, दोन दिवसांत जाऊन येऊ. अक्का ऐकत नसत. "त्येनी चालत गेलते. मी गाडीतून उतरले तर वळखतील का मला?" म्हणून हा चालत जायचा हट्ट, आणि म्हणून दर फाल्गुनात आमचा हॉल.

शेवटच्या त्या वर्षी मात्र काहीच अडचण उरली नव्हती. हरभरा घरात आला होता. गाय गाभण नव्हती. लग्न कुणाचं नव्हतं. शिवानंददादांनी आईला नवे बूट आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा आणून दिला होता. टोळी महादेवाच्या देवळात उतरली, भजन सुरू झालं, आणि दिवेलागणीला अक्का पायरीवर बसून म्हणाल्या, "गुडगा धरलाय. औंदा काय जमंल आसं वाटत न्हाई." त्याच गुडघ्याने त्या दुपारी आमच्या गच्चीवर चढल्या होत्या, महानंदा वहिनींनी पापड नीट पसरलेत का ते वरून बघायला.

मी वैतागून आत यायला वळले आणि पायरीवरच्या बादलीला अडखळले. अर्धं पाणी माझ्या पायांवर. मुक्कामाला आल्या की अक्का रोज संध्याकाळी तिथं पाण्याची बादली, तांब्या आणि एक स्वच्छ टॉवेल ठेवत. स्वयंपाकघरात जाऊन मी आईवरच चिडले, की ही बादली दर वर्षी तिथं कशाला हवी असते? आई भाकरी थापत होती.

"अप्पांसाठी," ती म्हणाली. "यात्रेहून आलेला माणूस आधी पस्तानाच्या घरी येतो. तिथं त्याचे पाय धुतात. मग तो आपल्या घरी जातो. तुला आत्ता कळलं?"

मला खरं तर कणव यायला हवी होती. मला राग आला. इतकी वर्षं ही बाई आमच्या घरात बसून, आमच्या वरणाला नावं ठेवून, गेलेल्या माणसाची वाट बघत होती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. मी ओल्या पायांनी बाहेर गेले आणि आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते तशा आवाजात म्हणाले, "अक्का, अप्पा इथं येणार नाहीत. बसायचंच असेल तर तिथं जाऊन बसा."

समोरच्या ओट्यावर महानंदा वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. अक्का गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"येनार न्हाईत ते मला ठाव हाय बाई," टॉवेलची घडी नीट करत त्या म्हणाल्या. "मी काय येडी हाय? पन एकदा जाऊन माती बगितली, की मंग वाट कुनाची बगायची?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. देवळातलं भजन ऐकू येत होतं. मग मी म्हणाले की जागा बघून तरी या. नाही आवडली तर तिथल्या लोकांना चार शब्द सुनावा, आम्हालाच किती दिवस सुनावणार?

"त्येंना मराटी येतंय का?"

"नाही. तेलुगू बोलतात."

"मंग सुनावून काय मजा," अक्का म्हणाल्या आणि तांब्या उचलून आत गेल्या.

सकाळी मी उठले तेव्हा त्यांनी बादली जास्वंदीला ओतून पालथी घातली होती. बूट पायात होते, पट्टा गुडघ्याला होता. मास्तर गल्लीत आले, पण त्यांना 'चला' म्हणायची वेळच आली नाही, अक्का त्यांच्याच पुढे निघाल्या. गल्लीच्या टोकापर्यंत त्या महानंदा वहिनींना काहीतरी सांगत होत्या. लोणच्याच्या बरणीचं असावं.

मग रोज संध्याकाळी मास्तरांच्या फोनवरून वहिनींना फोन यायचा. चालण्याबद्दल एक शब्द नाही. गाईला पेंड टाकली का, मोटार कोण चालू करतंय, आणि उदगीरची भाकरी किती जाड असते. बीदर गेलं, पुढची गावं गेली. आम्ही तिघी रोज ऐकायचो, मी, आई आणि वहिनी, त्यांच्या ओट्यावर बसून. मी त्या ओट्यावर त्याआधी कधी बसले नव्हते.

एके दिवशी मास्तरांनी मलाच फोन केला. टोळी डोंगर चढायला लागली होती आणि अक्का पायथ्यालाच राहिल्या होत्या. कितीही समजावलं तरी हलत नव्हत्या. शिवानंददादांना पाठवा म्हणाले. मी कपाळाला हात लावला. इतकी वर्षं, एवढा घोळ, आणि देव एका चढावर आलेला असताना ही बाई खाली बसली.

दादा जीप घेऊन गेले. चौथ्या दिवशी जीप गल्लीत आली. आम्ही पोर्चमध्ये उभ्या होतो. अक्का उतरल्या, आमच्याकडे नुसतं बघितलं, आणि सरळ समोर आपल्या घरात गेल्या. यात्रा पुरी झाली नव्हती, तरी गेल्या. थोड्याच वेळात आतून भांड्यांचा आणि त्यांचा आवाज आला.

संध्याकाळी मी न राहवून विचारायला गेले. वर का नाही गेलात?

"डोंगर बगितला की. लई हुबा हाय."

"आणि देव?"

"त्येच्याकडं लई मान्सं जात्यात."

त्या पाय चोळत बसल्या होत्या. दादा नंतर म्हणाले, आई रोज सकाळ-संध्याकाळ तळ्यावरून घागर आणून त्या मातीवर ओतत होती, आणि शेजारच्या घरातल्या बाईशी मराठीत भांडत होती. ती बाई तेलुगूत भांडत होती आणि दोघी एकत्र जेवत होत्या. अक्का मला म्हणाल्या, "जागा बरी हाय. लिंबाची सावली हाय. शेजार बी बरा हाय." मुलीचं सासर बघून आलेल्या माणसासारखं त्यांनी जरा थांबून सांगितलं, "पानी तेवडं लांब हाय."

त्यानंतर पस्तानाचं गाठोडं आमच्याकडे आलं नाही. फाल्गुनात टोळी यायची तेव्हा अक्का आपल्याच दारात उभ्या राहून मास्तरांना बजावत, लिंबाला घागरभर पानी घालूनच वर चढा, देव कुटं पळून जात न्हाई. आमचा हॉल मोकळा असायचा. माझ्या मीटिंग्स शांततेत व्हायच्या आणि त्या शांततेचाही मला उगाच राग यायचा.

दोन वर्षांनी अक्का गेल्या. घरीच, सकाळी चहा पिऊन, कपात साखर कमी आहे असं सांगून. त्यांच्या शेतात माती दिली. ह्या वेळी बायका कशाला, असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी महानंदा वहिनींनी ऐकलं नसतं. सगळे पांगल्यावर मी आणि वहिनी मागे राहिलो. त्यांनी बांधालगतच्या विहिरीतून घागर भरून आणली आणि ओल्या मातीवर हळूहळू ओतली. आयुष्यभर सासूचं सगळं दोनदा ऐकलेली ती बाई पदराने हात पुसत खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, हितं पानी जवळ हाय, न्हाई का?"