रिचार्ज तेवढ्यातच येतं

अठ्ठावीस दिवसांचा महिना ज्याने शोधून काढला, त्या माणसाला मला एकदा समोरासमोर भेटायचंय. आमचा पगार महिन्याने होतो, सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याने जातो, दूधवाला एकतीस तारखेचं दूधसुद्धा न विसरता धरतो. मोबाइल कंपनीचा महिना तेवढा अठ्ठाविसाव्या दिवशी संपतो आणि वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज मारावी लागतात. दुष्काळात तेरावा महिना हे आपण नुसतं म्हणायला म्हणत होतो. ह्यांनी तो आणून दाखवला.

माझ्या सासऱ्यांना मात्र त्या अठ्ठावीस दिवसांचा कधी राग आला नाही. उलट तो दिवस त्यांच्या आवडीचा. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन होता, एका मोबाइल कंपनीनेच काढलेला, आणि त्याचा प्लॅन शंभर रुपयांच्या आत बसायचा. ठरलेल्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमधून निघायचे, डेपोजवळच्या रिचार्जच्या दुकानात जायचे, स्वतःचा नंबर मोठ्याने सांगायचे, शंभराची नोट द्यायचे आणि मेसेज येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. उरलेले सुटे पैसे शर्टाच्या खिशात वाजवत घरी यायचे. "झालं रिचार्ज," असं कुणी न विचारता सांगायचे.

बाबांना एका खासगी कंपनीची पेन्शन आहे. आकडा सांगायला लाज वाटावी इतकी कमी. तिच्यातून चार गोष्टी ते स्वतःच्या स्वतः करतात: वर्तमानपत्र, दाढीचं सामान, रक्तदाबाच्या गोळ्या आणि रिचार्ज. यात दुसऱ्याने हात घातलेला त्यांना खपत नाही. एकदा नवऱ्याने पेपरवाल्याचं बिल परस्पर देऊन टाकलं, तर बाबांनी महिनाभर तो पेपर उघडला नाही. टीपॉयवर घड्या साचत गेल्या. ओरडले असते तर परवडलं असतं.

हे सगळं ठाऊक असूनही मी त्यांना स्मार्टफोन घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झालं असं की लेकीला बंगळुरूला नोकरी लागली. ती दुपारी जेवणाच्या सुट्टीत आजोबांना बघायला फोन करणार, तर त्या वेळी मी अंधेरीच्या ऑफिसात आणि माझा फोन माझ्या पर्समध्ये. रात्री मी घरी येईपर्यंत ती कामात. आजोबा आणि नात आठवड्यातून एकदा एकमेकांचं कपाळ बघणार, तेही हलतं. म्हणून बाबांना ऐंशी पूर्ण झाली त्या दिवशी मी फोन घेऊन आले.

दुकानदाराने मला सगळं सांगितलं होतं, त्याला दोष नाही. "मॅडम, वो सिम इसमें डालोगे तो पुराना प्लॅन नहीं चलेगा. वो उसी हँडसेट का है. नया मारना पडेगा." नवा केवढ्याचा? साडेतीनशेचा. तेवढेच दिवस, तोच नंबर, बोलणारा माणूस तोच. फोन बदलला म्हणून साडेतीनपट. मी त्याच्याशी तिथेच भांडले. तो बिचारा म्हणाला, "मेरे हाथ में क्या है?" त्याच्या हातात खरंच काही नव्हतं. आपल्याला भांडायला मिळतात ती माणसं नेहमी हात रिकामे असलेलीच असतात.

घरी बाबांनी खोका उघडला. फोन उलटासुलटा करून पाहिला. डोळे चमकले, हे मी नक्की सांगते. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"अगं, ह्याचं रिचार्ज केवढ्याचं?"

मी खरं सांगितलं असतं तर तो फोन खोक्यात परत गेला असता, याबद्दल मला शंभर टक्के खात्री होती. खात्री ही गोष्ट मला नेहमीच भरपूर असते. मी म्हटलं, "तेवढ्यातच येतं, बाबा. फक्त आता माझ्या ॲपवरून मारावं लागेल."

झालं. एवढंच वाक्य. तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी फ्रिजवरच्या लिंबांच्या टोपलीखाली शंभराची नोट यायला लागली. मी ऑफिसला निघताना ती उचलायची, वरचे अडीचशे आपले घालायचे आणि रिचार्ज मारायचे. नोट उचलताना दरवेळी चिडचिड व्हायची. कंपनीवर, त्या ॲपवर, 'आपका प्लॅन समाप्त हो रहा है' म्हणून चार दिवस आधीपासून रोज येणाऱ्या मेसेजवर. स्वतःवर व्हायला हवी होती, पण तिचा नंबर इतक्या लवकर लागत नाही.

बाबा खूश होते. दुपारी नात दिसायची. तिने काय डबा आणला, कुठला ड्रेस घातला, सगळं मला संध्याकाळी त्यांच्याकडून कळायचं. डेपोजवळच्या दुकानात जाणं तेवढं बंद झालं. जुना फोन त्यांनी रुमालात गुंडाळून, चार्जरला रबर लावून कपाटात ठेवला होता. "मॉडेल बंद झालंय आता," ते म्हणायचे, "मिळायचं नाही कुठे."

सकाळी ते बागेत बसतात. तिथे त्यांचे एक मित्र येतात, जवळच्या गावठाणातले. जुनं ख्रिस्ती कुटुंब, इथलंच मूळ. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांची भातशेती होती, हे ते हसत हसत सांगतात आणि मला दरवेळी उगाच ओशाळल्यासारखं होतं. मी त्यांना काका म्हणते. काकूंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्या अंथरुणावरच आहेत. मुलगा-सून कामाला जातात. काका सकाळी एक तास बाहेर पडतात ते केवळ खिशात फोन आहे म्हणून. काकूंच्या उशाशी दुसरा फोन असतो. काही लागलं की त्या लावतात आणि काका बाकावरून उठतात. त्यांच्याकडेही बाबांसारखाच बटणांचा फोन होता, त्याच कंपनीचा, त्याच प्लॅनचा.

आता बाबा एवढ्या कौतुकाने नातीला दाखवणार आणि काका विचारणार नाहीत, असं होईल का? विचारलं. आणि बाबांनी छाती पुढे काढून सांगितलं, की रिचार्ज तेवढ्यातच येतं, सुनेने सगळं चौकशी करून घेतलंय.

मला याचा पत्ता नव्हता. एका शनिवारी मी घरी मेथी निवडत बसले होते तेव्हा कळलं. दार ढकलून दोघे आत आले. काकांचा चेहरा घामेजलेला. त्यांनी माझ्यापुढे एक नवाकोरा स्मार्टफोन ठेवला.

"बाय, रेंजच्या काड्या सगळ्या दिसतात, पन फोन येत नाय, जात नाय. ती घरी पाऊन तास लावत व्हती." काका घरी परतले तेव्हा त्यांना कळलं, पाण्याचा तांब्या काकूंच्या हातून अंथरुणात सांडला होता. त्या पाऊण तास ओल्यात पडून फोन लावत राहिल्या आणि काका बागेत बसून बाबांशी गप्पा मारत राहिले. खिशात फोन होता ना.

"हिला विचार रे," बाबा म्हणाले. "आपला कुठला प्लॅन आहे तो सांग गं याला. तोच मारून दे."

काकांनी स्टेशनजवळच्या दुकानातून फोन घेतला होता आदल्या संध्याकाळी. तिथल्या माणसाने सिम आत घालून दिलं, काड्या दाखवल्या, 'हो गया अंकल' म्हणाला आणि जुना फोन एक्स्चेंजमध्ये काढून घेतला. प्लॅनचं त्याने चकार शब्दाने सांगितलं नाही. काकांनी विचारलंही नाही. कशाला विचारतील? बाबांनी सांगितलं होतं.

मला कळून चुकलं होतं. तरी मी त्या मूर्खपणावर आणखी एक मूर्खपणा केला, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. हिंदीसाठी एक दाबा, मराठीसाठी मेनूच्या तळाला जा. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गाणं. पुन्हा महत्त्वाचा आहे. हात मेथीच्या मातीने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. अकरा मिनिटांनी एक मुलगी बोलली, अगदी गोड.

"मॅम, सर का प्लॅन ॲक्टिव्ह है. बारह दिन बाकी हैं. लेकिन वो उसी मॉडेल के हँडसेट में चलेगा."

"अहो, हँडसेट एक्स्चेंजमध्ये गेला. पैसे तर तुम्ही आधीच घेतलेत ना?"

"जी मॅम. स्मार्टफोन के लिए नया रिचार्ज करना होगा."

बाबा माझ्या फोनवर वाकले आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "कम से कम कितना?"

"साढे तीन सौ, सर. अठ्ठाईस दिन. इससे कम नहीं है. और कोई सहायता?"

मी झटकन फोन बंद केला. मातीचे डाग पडले त्यावर. वर बघायची हिंमत होत नव्हती. ऑफिसात मी साहेबांना तोंडावर सुनावते, रिक्षावाल्याशी भांडून मीटर टाकायला लावते, आणि इथे मेथीच्या जुडीकडे बघत बसले होते. काकांना अजून काही उमगलं नव्हतं. ते म्हणत होते, "यांच्याकडं तर तेवढ्यातच येतो ना?"

"काका, मी भरते तुमचं," मी म्हटलं. "आत्ता मारते, दोन मिनिटांत."

"नको," बाबा म्हणाले.

ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. रुमालात गुंडाळलेला फोन घेऊन ते बाहेर आले, चार्जरचं रबर काढलं आणि ओट्याजवळच्या प्लगला लावला. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला, "कानातलं दे जरा." माझ्या कानातल्याच्या दांडीने त्यांनी नव्या फोनचा ट्रे उघडला, काकांचं सिम काढलं, जुन्या फोनची बॅटरी उचलून ते खाली सरकवलं. फोन सुरू व्हायला वेळ लागला. आम्ही तिघं उभे राहून त्या लहानशा पडद्याकडे बघत होतो. सुरू झाला आणि लगेच वाजला. काकू होत्या.

"आलो, आलो," काका म्हणाले आणि चपला घालायला लागले.

"हा तुझ्याकडेच ठेव," बाबा त्यांना म्हणाले. "तो नवा परत कर, नाही घेतला तर मुलाला दे. चूक माझी रे. मी नीट विचारून घेतलं नव्हतं."

काका गेले. बाबांनी रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. मला वाटलं आता बोलतील. पण ते पेपर घेऊन बसले. दुपारी जेवले. नातीचा फोन आला, तिच्याशी हसून बोलले. माझं मात्र कशात लक्ष लागेना. नवऱ्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, तू चांगल्यासाठीच केलंस ना." हे ऐकून तर मी आणखीच उखडले. चांगल्यासाठी केलेल्या गोष्टीचं तोंड असं असतं का?

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. बाबांनी कप घेतला.

"साडेतीनशे म्हणाली ती. आपलंही तेवढंच?"

"हो, बाबा."

"पहिल्यापासून?"

"हो."

त्यांनी चहा संपवला. मी तयारीत होते. महागाई, कंपन्यांची लूट, नातीचा चेहरा, सगळं तोंडावर होतं. त्यातलं काहीच लागलं नाही.

"एवढे आहेत गं माझ्याकडे," ते म्हणाले. "एकदा विचारायचं होतंस."

बस, एवढंच. त्या दिवशी कंपनीवरचा माझा राग कुठे गेला कळलं नाही. सहा महिने मी ज्याच्याबद्दल दात-ओठ खात होते, त्या प्लॅनपेक्षा मी काही वेगळं केलं नव्हतं. या माणसाला एवढंच परवडेल, हे मीही त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला. मी कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. "ते ॲप माझ्या फोनवर घालून दे. पेन्शनचं खातं जोड. आणि शिकव."

आठवडाभर शिकवणी चालली. मी घाई करायची, ते "थांब" म्हणायचे आणि वहीत एकेक पायरी लिहून घ्यायचे. त्यांचं बोट पडद्यावर जोरात पडायचं, बटण दाबल्यासारखं, आणि भलतंच काहीतरी उघडायचं. मी तोंड मिटून बसायचे. माझ्या स्वभावाच्या मानाने ती तपश्चर्याच होती.

मग तो दिवस आला. सकाळी लिंबांच्या टोपलीखाली नोट नव्हती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसले होते, वही उघडी, चष्मा नाकावर. मी पर्स घेऊन शेजारी उभी राहिले, चुकलं तर सांगायला. त्यांनी नंबर घातला, प्लॅन निवडला, साडेतीनशेचा आकडा मोठ्याने वाचला. पिन विचारली तेव्हा ते थांबले, माझ्याकडे एकदा पाहिलं, डाव्या हाताची ओंजळ करून पडदा झाकला आणि मगच आकडे दाबले. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"झालं रिचार्ज," ते म्हणाले.