गैबीची सुरी

शाहू महाराज गादीवर येऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्या वर्षी कोल्हापूरच्या पूर्वेकडे पाऊस आलाच नाही. पेठ वडगावजवळच्या एका गावात गैबी मुलाणी राहायचा. त्याने ‘बिस्मिल्ला’ म्हणून सुरी फिरवल्याशिवाय गावातल्या कुठल्याच घरात मटण शिजत नसे. त्याबद्दल त्याला मटणाचा वाटा मिळे, आणि सुगीला खळ्यावरचं धान्य.

एका सकाळी आकाराम नावाचा मजूर शेळी घेऊन त्याच्या दारात आला. शेळीचा कान चिरलेला होता. तशी खूण फक्त गणपतराव पाटलांच्या शेळ्यांना असे.

“चोरून आणलीस, आन् कापायला माझ्याकडं?”

“मग काय मीच कापू?” आकाराम गोंधळून म्हणाला. “तुमच्या हातचं नसलं तर पोरं तोंडात न्हाय घालायची.”

ती पोरं कितीतरी दिवस उकडलेल्या पाल्यावर जगत होती. गैबीने सुरी फिरवली. आपला वाटाही ठेवून घेतला.

कळपात एक शेळी कमी दिसली, तशी दुपारी पाटलांनी गैबीलाच चावडीत बोलावलं. दुसऱ्या कुणाला विचारायचं कारणच नव्हतं.

“कुणी आणली शेळी?”

“आकारामनं. कान बघूनच कापली म्या. वाटा बी खाल्ला.”

“लाज न्हाय वाटत सांगताना? फौजदाराकडं धाडतो त्याला.”

“मग मलाबी धाडा. पावणं आलं की बकरं कापायला वडगावला जावा.”

चावडीत कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांनी तिकडे बघितल्यावर गप्प झालं.

“म्हंजे सोडून देऊ?”

“सोडा कोण म्हणतंय? चोरी केलीया, फेडू दे की. शेळ्या राखायला ठेवा. पर भाकरी द्या, न्हायतर दुसरी बी जाईल.”

मग पाटलांनी सांगितलं : पाऊस येईपर्यंत आकारामने शेळ्या राखायच्या. मजुरी नाही, पण त्याला आणि पोरांना भाकरी मिळेल. गैबीने मात्र जाणूनबुजून सुरी चालवली, म्हणून येत्या सुगीला पाटलांच्या खळ्यावर त्याला दाणा मिळणार नाही.

“बराबर हाय,” गैबी म्हणाला.

घरी त्याची बायको सलिमा भडकली. “चोराला भाकरी, आन् आमचं धान्य बंद? आन् तुम्ही मान डोलवून आला?”

“त्याला भूक लागलीती. मला कुठं लागलीती?”

“लागंल की आता,” सलिमा म्हणाली, आणि मडक्यात ज्वारी किती उरली ते बघायला आत गेली.