ती माझ्याकडं चालत येत होती

राजश्री गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या खानावळीत मसाला भाजायचं काम चाललं होतं. फोन तिच्या नवऱ्याचा, संजयचा. "वहिनी, राजश्री गेली," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी गॅस बंद केला, बाहेर बसलेल्या माणसांना सांगितलं, आज जेवण मिळणार नाही, घरी जावा. आता त्याला काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर चार गोड शब्द लिहायची रीत असते हे मला ठाऊक आहे, पण ते मला जमणार नाही. कारण माझ्या नणंदेचं दिवसकार्य उरकून मी घरी आले, त्याच संध्याकाळी ती माझ्या फोनमध्ये चालत आली. शेजारच्या बाईंनी व्हिडिओ पाठवला होता, खाली लिहिलं होतं, ‘हे चांगलं आहे म्हणतात, घेऊन बघू का?’ अंगणातनं राजश्री चालतेय, हसतेय, आणि मागनं तिच्या थोरल्या दिराचा, आप्पाचा, दणदणीत आवाज येतोय: "बघा पावणं! अंथरुणाला खिळलेली बाई, आज आपल्या पायानं चालतीया. ही ताकद हाय आपल्या पावडरीची!" तिची राख अजून थंड झाली नव्हती हो... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून तिथंच आहे.

मी लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आले तेव्हा राजश्री अकरावीत होती. दोन वेण्या, आणि तोंड असं की सासूबाईसुद्धा जपून बोलायच्या. मी तिला मुद्दाम ‘वन्सं’ म्हणायचे, कारण तिला ते आवडायचं नाही. "म्हातारी केलीस व्हय गं मला?" म्हणून ती अंगावर यायची. पुढं ती जीवशास्त्र शिकली, ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागली, लग्न करून वारणेकडच्या गावी गेली. पण सुट्टी लागली की हजर. खानावळीच्या मागच्या खोलीत पाटावर बसून कोथिंबीर निवडत निवडत ती मला काय काय सांगायची. मी दहावी नापास, पण हिच्या तोंडून ऐकलं की पोटातलं आतडंसुद्धा शेजारी राहतंय असं वाटायचं. वर्गात पोरं हिच्या तासाला का पळून जात नव्हती ते मला तेव्हाच कळलं होतं.

आधी तिचा डावा डोळा अंधुक झाला. मग पाय जड पडायला लागले, फळ्यावर लिहिताना खडू हातातनं निसटायला लागला. मेंदूचे फोटो काढले, पाठीतलं पाणी तपासलं, आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं... मल्टिपल स्क्लेरॉसिस. मी घाबरून तिच्याकडं गेले, तर ही बया मलाच समजावत बसली. "वहिनी, आपल्या प्रत्येक पेशीत मोडतोडीचं एक यंत्र असतं. जुनी, बिघडलेली प्रथिनं त्यात जातात, त्यांचे तुकडे होतात. त्यातले काही तुकडे पेशी आपल्या दारात मांडून ठेवती. म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना कळतं, आत काय चाललंय ते."

"मग तुझ्यात काय बिघडलं?"

"मेंदूतल्या तारांवर वेष्टण असतं, विजेच्या वायरीवर असतं तसं. त्या वेष्टणातलं एक प्रथिन हे यंत्र लई झटकन तोडतंय, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. बाकीच्या प्रथिनांना मोडीत काढायच्या आधी बहुतेक वेळा खूण चिकटवायला लागती. ह्या बिचाऱ्याला तेवढी बी लागत न्हाय. आणि त्याचे तुकडे दारात बघून पहारेकरी घरच्यालाच चोर समजतात अन् मारत सुटतात." मग तिनं माझं मनगट धरलं. "माझ्याकडं पहारेकरी कमी न्हाईत वहिनी, पिसाळल्यात. त्यांना गप बसवायचं औषध सुईनं देणार हाईत, दर काही महिन्यांनी. आणि हे बघ, ह्यातलं सगळं अजून सिद्ध झालेलं न्हाय. खानावळीत माझ्या नावावर खपवू नको." आजारपणातसुद्धा मास्तरीण ती मास्तरीणच.

आता आप्पाचं सांगते. आप्पा तालमीतला माणूस, दोन्ही कान मोडलेले, तरुणपणी गावोगावची मैदानं मारलेली. गुडघे गेल्यावर त्यानं प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर विकायला घेतली. दर रविवारी कोल्हापुरात एका हॉलमध्ये त्याची मीटिंग असते. आमच्याकडं माणसाला काहीही झालं तरी एकच निदान होतं, अंगात ताकद नाही. मग दूध पाजा, खारीक-बदाम द्या, हाडांचं सूप करा. ताप असो, टायफॉईड असो, प्रेमभंग असो, ताकद वाढवा. त्यामुळं डॉक्टरांनी राजश्रीची प्रतिकारशक्ती दाबायचं औषध सांगितलं, तेव्हा त्या घरात भूकंप झाला. "ताकद मारायचं औषध?" आप्पा माझ्यासमोर ओरडला होता. "आगं, आमच्या गोठ्यातल्या म्हशीला बी असलं कोण देणार न्हाय!" राजश्रीनं त्यालाही पहारेकऱ्यांची गोष्ट सांगितली. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "म्हंजे पहारेकऱ्यांना खुराक पायजे." माणूस इतका ठार अडाणी असतो का हो? असतो, आणि लोक त्याच्यापुढं खुर्च्या भरून बसतात.

ह्या आजाराची एक रीत आहे. झटका येतो आणि काही दिवसांनी पुष्कळदा आपोआप ओसरतो, माणूस परत चालायला लागतो. राजश्रीनंच मला हे सांगितलं होतं. पहिल्या सुईनंतर तिचा झटका ओसरला, आणि नेमकी त्याच दिवसांत आप्पानं पावडर तिच्या दुधात कालवायला सुरुवात केली होती. ती म्हणायची, "पिती मी, भांडायला अंगात जोर न्हाय." तो व्हिडिओ काढला त्या दिवशी मी तिथं होते. मी पांढऱ्या रश्श्याचा डबा घेऊन फाटकातनं आत शिरले, तिनं मला बघितलं आणि काठी टाकून माझ्याकडं चालत आली. "वहिनी, बघ गं, बघ!" असं ओरडत होती ती. त्या व्हिडिओत नीट बघा, अगदी शेवटी कडेला एक हात आणि डबा दिसतो. तो हात माझा आहे. तिचा आवाज पुसून त्यानं आपला आवाज घातला आणि तिचं हसू पावडरीला लावलं.

पुढच्या सुईची तारीख आली. संजयनं तिला सांगितलं, दवाखान्यात औषध आलेलं नाही. मला फोनवर सांगितलं, डॉक्टरांनीच पुढं ढकललंय. दोन्ही खोटं. आप्पा म्हणाला होता, "चालायला लागली न्हवं, मग कशाला विष घालतोस," आणि संजयनं भावापुढं आयुष्यात कधी तोंड उघडलेलं नाही. तारीख गेली, दुसरीही गेली. मग जो झटका आला तो ओसरायला आलाच नव्हता. तिला गिळता येईना, छातीत कफ साठला, न्यूमोनिया झाला. डॉक्टर आमच्यासमोर संजयला म्हणाले, "औषध तर होतं, तुम्हीच आला नाही." राजश्री शुद्धीवर होती. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. जीभ जड झाली होती, तरी मला स्पष्ट कळलं. "वहिनी... सोडायचं न्हाय." संसार, देव, कशाबद्दलही ती त्यानंतर बोलली नाही.

तर मी सोडलेलं नाही. दिवसकार्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर राजश्री चालायला लागली तशी मी उठले आणि म्हणाले, "ही माझी नणंद. ही मेली. सुई चुकवली म्हणून मेली." आप्पाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "वहिनी, घरची गोष्ट हाय, घरात बोलू," म्हणाला. मी म्हटलं, "पडद्यावर लावताना घर आठवलं न्हाय व्हय?" काही लोक उठून गेले, बरेच बसून राहिले, एकानं मलाच बाहेर जायला सांगितलं. घरच्यांनी मला समजावलं, झालं ते झालं, माफ कर. का करू? तेव्हापासून मी दर रविवारी जाते. हॉलमध्ये तो आता व्हिडिओ लावत नाही, माझ्याकडं बघून अडखळतो, आणि त्याला घाम फुटलेला बघून मला मनापासून बरं वाटतं. पण फोनाफोनांतनं ती अजून चालतेच आहे.

मागच्या रविवारी हॉलला कुलूप होतं. माझ्या भीतीनं पळाला मेला, म्हणून मी खूश होते. पायरीवर एक बाई आणि तिची विशीतली पोरगी बसली होती. पोरगीनं भिंतीला हात टेकलेला. "मीटिंग न्हाय व्हय आज?" बाईनं विचारलं. "चंदगडास्नं आलोय यष्टीनं. त्या चालणाऱ्या बाईचा व्हिडिओ बघितला, हिचं बी अगदी तसंच हाय. उद्या सुईची तारीख हाय, पण ते पावडरवाले फोनवर म्हणाले, जाऊ नका, आधी हिकडं या." मग तिनं पोरीची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "ती बाई कुठं राहती? एकदा भेटता ईल का तिला?"

मी पायरीवरच बसले. त्या पोरीचं मनगट धरलं आणि मोडतोडीच्या यंत्रापासून पहारेकऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं, जसं येईल तसं. ती बाई कुठं आहे तेही सांगितलं. बाई हमसून रडली, पोरगी मात्र माझ्याकडं टक लावून बघत राहिली. दोघींना घरी आणलं, जेवू घातलं, मुक्कामाला ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. पोरीच्या हाताला सुई लागली, बाटलीतनं थेंब पडायला लागले, तेव्हा मी तिच्या उशाशी खुर्ची ओढली आणि आप्पाला फोन लावला.

"आप्पा, तुमचं चंदगडचं गिऱ्हाईक हितं माझ्यासमोर झोपलंय. सुई चालू हाय."

त्यानं फोन ठेवला. मी परत लावला.