दिराच्या गाड्या डिजिटल केल्या तेव्हा

इंजिनाच्या टपातून धुराची बारीक रेघ निघाली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास खोलीभर झाला. मी झडप घालून पिन ओढली, पण व्हायचे ते होऊन गेले होते. मालगाडीचे हिरवे इंजिन, वितीएवढे, रुळांवर मुकाट उभे होते. टप काढून पाहिला तर आत बसवलेली चिप काळी पडून फुगली होती. दोन तास खपून ती मीच बसवली होती.

माझा दीर खुर्चीतून उठला. "झालं. वहिनी, आता कशाला हात लावू नका. रविवारी टेम्पो येतोय, त्याला सगळं नेऊ द्या."

कठडा धरत तो जिना उतरून गेला. गुरुवारची दुपार होती.

दीर रेल्वेत स्टेशनमास्तर होता. लग्न केले नाही. नोकरी संपली तसा नाशिकरोडला माझ्याकडे राहायला आला. माझा नवरा त्याआधीच गेला होता. माडीवरच्या खोलीत त्याने दोन पलंगांएवढी फळी ठोकली, तिच्यावर रूळ टाकले, स्टेशन केले, बोगदा केला. इंजिने पाच. मी त्याला खेळ म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

मग त्याला कंपवात झाला. गाडीचा वेग एका गोल बटणावर असायचा. बटण फिरवाल तेवढी वीज रुळात. हात थरथरला की वीज कमीजास्त व्हायची, गाडी आचके द्यायची आणि वळणावर डबे कलंडायचे. महिनाभर त्याने पडलेले डबे उचलले, मग माडीवर जाणेच सोडले. दिवसभर खाली बसून असायचा. चहा समोर गार व्हायचा. पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याला या गाड्यांचा नाद होता, त्याला सगळे देऊन टाकायचे कबूल करून बसला.

मला गाड्यांचे काही नव्हते. पण माणूस खुर्चीत बसून कसा संपतो ते मी नवऱ्याच्या वेळी पाहिले होते. पुन्हा बघायची माझी तयारी नव्हती.

दुखणे येण्याआधी त्याने डिजिटलचे सामान मागवले होते. ते कपाटात पडून होते: पाच चिपा आणि एक हँडसेट. तेव्हा त्याने मला समजावलेही होते. रुळात वीज कायम पुरी असते. हँडसेटवरून हुकूम सुटतो, आणि ज्या इंजिनाचा नंबर असेल त्याच्यातली चिप तो पाळते. चिपेत नंबर दिलेली घरे असतात. घरात जो आकडा भराल तसे इंजिन वागते. तीन नंबरच्या घरात मोठा आकडा टाकला की इंजिन सावकाश वेग घेते, चार नंबरच्या घरात टाकला की सावकाश थांबते, चालवणारा कितीही घाई करो. हे मला एकदम आठवले. हात क्षणभर इकडे, क्षणभर तिकडे गेला तर इंजिनाला ते कळायला वेळच मिळणार नाही.

मी त्याला म्हटले होते, "रविवारपर्यंत तुमच्या हाताने गाडी चालली तर टेम्पो परत पाठवायचा. नाही चालली तर मी स्वतः भरून देते." तो हो म्हणाला, आणि पहिलेच इंजिन मी जाळले.

मी चौथी शिकलेली. पण अंबडला स्टॅबिलायझरच्या कारखान्यात बावीस वर्षे सोल्डरिंगचे डाग दिले आहेत, हात माझा पक्का आहे. तिथे एकच धाक, बॉडीला अर्थिंग दिल्याशिवाय माल पुढे जायचा नाही. इंजिनात मोटारीचे एक टोक तांब्याच्या पट्टीने बॉडीला टेकलेले दिसले. मी ते अर्थिंग समजले आणि तसेच ठेवले.

सूचनांचा कागद घेऊन मी खाली गेले. "परत वाचा."

"मोटारीची दोन्ही टोकं बॉडीपासून वेगळी हवीत, असं लिहिलंय. काल वाचलं होतं मी. तुम्ही म्हणालात, ते अर्थिंग आहे, तुम्हाला काय कळतं."

"म्हटलं असेन. मग गप्प का बसलात?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार?"

"स्टेशनमास्तर होतात ना? लाल झेंडा दाखवायचा. चला वर."

तो आला. शुक्रवारी मी उरलेल्या चारही इंजिनांच्या पट्ट्या कापल्या, खाली टेप लावला, मीटर लावून बघितले. बॉडीला कुठेच बीप नाही, मगच चिप जोडली.

आकडे भरायला वेगळा रुळाचा तुकडा घेतला. त्यावर एका वेळी एकच इंजिन ठेवायचे. तो कागद टेबलावर दाबून वाचायचा, बटणे मी दाबायची. आकडा पटला की इंजिन जागच्या जागी हलते. तिसरे काही केल्या हलेना. त्याने चाक नखाने खरवडले.

"वहिनी, हे हळदकुंकू आहे. दरवर्षी दसऱ्याला इंजिनाला लावता ते."

"मग नको म्हणायचं!"

"पुन्हा तेच. तुमच्यापुढे कोण बोलणार?"

स्पिरिटने चाके पुसली, तशी इंजिनाने मान्यता दिली.

शनिवारी सकाळी दोन्ही घरांत चाळीस भरले आणि हँडसेट मी हातात घेऊन मुद्दाम हात थरथरवला. दिराचा चेहरा उतरला. "माझी नक्कल करताय?"

"हो. नाहीतर कळणार कसं?"

 त्याने माझ्या हातातून हँडसेट ओढून घेतला. "असा नाही थरथरत. असा."

गाडी निघाली. आचका नाही, काही नाही. वळण घेतले, बोगद्यातून बाहेर आली, स्टेशनात शिरली आणि त्याने थांबवली तरी फलाटाच्या पार पुढे जाऊन उभी राहिली.

"फलाट सोडून गाडी उभी राहते होय? हे चालायचं नाही," तो ओरडला. कित्येक महिन्यांत एवढा आवाज ऐकला नव्हता. चार नंबरच्या घरात मी तीस केले, वीस केले. बारावर गाडी फलाटाला बरोबर लागली. दहाला आचके येत होते. बाराच ठेवले. दुपारी तो जेवायलाही खाली उतरेना, मग ताट वर नेऊन आदळले.

रविवारी व्यापारी टेम्पो घेऊन आला, द्राक्षांची रिकामी कॅरेट भरून. दिराने त्याला खुर्ची दिली आणि उजव्या हाताने गाडी चार फेऱ्या चालवून दाखवली. हात थरथरत होता, गाडी नाही.

"मग न्यायचं काय?" व्यापाऱ्याने विचारले.

"चहा घ्या," दीर म्हणाला. "बाकी काही नाही."

व्यापारी मनापासून हसला आणि कॅरेट घेऊन परत गेला.

दिराचा कंपवात बरा झाला नाही, होणारही नाही. रोज सकाळी तो माडीवर जातो. आमच्या या घरात आज दोघे जिवंत आहेत, त्र्याहत्तर वर्षांचा माझा दीर आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची मी.