दोघींच्या ओव्या

आमच्या बारामतीच्या कॉलेजातले ग्रंथपाल सुट्टीच्या दिवशी इंदापूरपर्यंतची गावं फिरून म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतात. प्रत्येक वाक्याला "व्हय का न्हाय?" असं विचारायची त्यांना सवय. "मी दोन ठिकाणी ठिवतो, म्हंजे हरवायची भीती न्हाय. व्हय का न्हाय?"

यंदा त्यांची हार्ड डिस्क बंद पडली. बॅकअप जोडला, तर त्यातल्याही फायली उघडेनात. तो त्यांनी कधी तपासलाच नव्हता.

ओव्या गेल्याचं फोनवर सांगता आलं असतं. पण ते मला घेऊन कन्हेरीला गेले. तिथल्या एका आजींनी बहिणीसोबत आळीपाळीनं एकेक ओळ घेत ओव्या म्हटल्या होत्या. बहीण नंतर वारली.

"मावशी, तुमच्या ओव्या माझ्या हातनं गेल्या. दोघींच्या बी. चूक माझीच हाय."

आजींनी डोक्यावरचा पदर सावरला. मग म्हणाल्या, "लाव बाबा तुजं मशीन."

त्या एक ओळ म्हणायच्या आणि बहिणीच्या ओळीपुरत्या थांबायच्या. त्या शांततेत मला मान वर करवेना. ग्रंथपालांचा चेहरा शरमेनं काळवंडला होता, तरी ते आजींकडेच बघत राहिले.